पंधरा जी.बी.त काय ठेवायचे?



भीमगीते नाहीत असे एकही घर आपल्या वस्तीत सापडायचे नाही. कोणाकडे दीक्षाभूमीवरच्या दुकानातून आणलेल्या जुन्या कॅसेटा आहेत, कोणाकडे सी.डी. आहेत, कोणी मोबाईलच्या टपरीवर दहा-वीस रुपये देऊन मेमरी कार्ड भरून आणलेले आहे. गाणी तीच, फक्त त्यांची भांडी बदलत गेली. आता नवे भांडे आले आहे. त्याला क्लाउड म्हणतात. नाव ढगाचे असले तरी त्यात आभाळातले काही नाही. कुठल्या तरी कंपनीच्या मोठ्या इमारतीत संगणकांच्या रांगा असतात आणि त्यातला एक कोपरा ती कंपनी आपल्याला वापरायला देते. भाड्याच्या खोलीसारखाच तो प्रकार आहे. खोली आपली नसते आणि तिची लांबी-रुंदीही आपल्या हातात नसते.

गूगलच्या खात्यावर फुकट मिळणारा असा कोपरा पंधरा जी.बी.चा आहे. ई-मेल, फोटो आणि ठेवलेल्या फायली, सगळ्यांना मिळून तेवढीच जागा. १ जून २०२१ पासून तिथे चढवलेला प्रत्येक नवा फोटो या मापात धरला जातो. अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही २०२४ पासून याच मापात मोजला जाऊ लागला. कचरापेटीत टाकलेली फाइलसुद्धा तीस दिवस जागा अडवते. म्हणून अनेकांना फोनवर सूचना येते की जागा संपत आली, पैसे भरा किंवा काहीतरी काढून टाका. आपल्यासारख्या कष्टकरी कुटुंबाला दरमहाचे आणखी एक बिल नको असते. मग काय काढायचे आणि काय ठेवायचे? हा प्रश्न मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. म्हणून हा लेख.

माझे वडील वाशीममधल्या आमच्या वस्तीच्या गायन पार्टीत ढोलक वाजवायचे. ती काही नावाजलेली पार्टी नव्हती. दिवसा मजुरी करणारी माणसे रात्री पेटी, ढोलक आणि बँजो घेऊन बसायची, चौदा एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला कार्यक्रम करायची. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीरकडे बोलावणे आले तर मिळेल त्या गाडीने जायची. समोर दुसरी पार्टी असली की सवाल-जवाब रात्रभर चालायचे. पार्टीतल्या एकाकडे टेपरेकॉर्डर होता. तो स्टेजच्या कडेला ठेवून बटन दाबून द्यायचा. अशा कॅसेटा वडिलांनी एका लोखंडी पेटीत जपून ठेवल्या होत्या. त्यांच्यानंतर ती पेटी माझ्याकडे आली. मोजल्या तर बासष्ट कॅसेटा भरल्या, सगळ्या साठ-साठ मिनिटांच्या.

याशिवाय माझ्या संगणकात वर्षानुवर्षे साठत आलेली गाणी होती. मित्रांनी दिलेली, कार्डांवरून उतरवलेली, सी.डी.वरून घेतलेली. ती मोजली तेव्हा पाच हजार शंभर फायली निघाल्या. पाच मिनिटांचे नेहमीचे एमपी थ्री गाणे साधारण पाच एम.बी. जागा घेते. म्हणजे पंचवीस जी.बी. ही झाली. कॅसेटा संगणकावर पूर्ण आवाजात उतरवल्या तर एका मिनिटाला साडेदहा एम.बी.हून थोडी जास्त जागा लागते, एका कॅसेटीला ६३५ एम.बी. बासष्ट कॅसेटांचे झाले ३९ जी.बी. दोन्हींची बेरीज ६४ जी.बी. आणि खोली पंधराची! मी बी.कॉम. झालेला माणूस, आयुष्य ताळेबंद जुळवण्यात गेले. हा ताळेबंद काही जुळत नव्हता.

उपाय सापडला तो माझ्याच टेबलावर. सरकारी कार्यालयात काम केलेल्यांना माहीत असेल की प्रत्येक कागद कायम ठेवता येत नाही. त्यासाठी अभिलेखांची वर्गवारी असते. ‘अ’ वर्गाचा कागद कायमचा ठेवायचा. ‘ब’ वर्गाचा तीस वर्षे. ‘क’ वर्गाचा काही वर्षे. ‘ड’ वर्गाचा एक वर्ष, मग तो काढून टाकायचा. या काढून टाकण्याला कार्यालयात निंदणीकरण म्हणतात. शब्द शेतातला आहे. निंदणारी बाई सगळे रान सारख्या नजरेने उपटत नाही. पीक कोणते आणि तण कोणते हे तिला रोप बोटभर असतानाच कळते. गाण्यांनाही हीच वर्गवारी लावायची असे मी ठरवले आणि कसोटी एकच ठेवली. हे गाणे माझ्याकडून गेले, तर दुसऱ्या कोणाकडे सापडेल काय?

या कसोटीने मनातली उतरंड उलटीपालटी झाली. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांची गाणी मला प्राणाहून प्रिय आहेत. पण या मोठ्या कलावंतांच्या कंपन्यांनी काढलेल्या ध्वनिमुद्रिका आणि कॅसेटा हजारो घरांत आहेत, इंटरनेटवर आहेत, दुकानांत आहेत. माझ्या कोपऱ्यातून त्या काढल्या तर जगातून जाणार नाहीत. याउलट आमच्या पार्टीची ती खरखरीत कॅसेट, जिच्यात मधेच कुत्रे भुंकते आणि कोणीतरी “आवाज वाढव रे” म्हणून ओरडते, ती जगात एकच आहे. आवडीच्या हिशेबाने ती शेवटी आली असती, कसोटीच्या हिशेबाने पहिली आली. ती ‘अ’ वर्ग.

बासष्टपैकी एकवीस कॅसेटा बाजारातल्या निघाल्या. राहिल्या एक्केचाळीस. त्या उतरवायचे काम मी एका वर्षावासात केले. कॅसेट उतरवायला घाई चालत नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटीला साठ मिनिटेच लागतात. टेपरेकॉर्डरच्या कानात लावायच्या छिद्रातून वायर काढून संगणकाला जोडायची आणि ऑडॅसिटी नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम सुरू करायचा. आधी टेपचे हेड स्पिरिटच्या कापसाने पुसायचे. आपल्या वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेल्या कॅसेटा तापतात, फीत आखडते, आतली स्पंजाची छोटी गादी निघून पडते. काही कॅसेटा उघडून फीत दुसऱ्या डब्यात बसवावी लागली. रात्री जेवणे झाली की एक कॅसेट, असे चालले. त्यामुळे घरातल्या सर्वांना रोज एक तास जयंतीच ऐकावी लागली.

जागेच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली अशी की जुना टेपरेकॉर्डर एकाच माइकचा असतो. त्याचा आवाज संगणक डावा-उजवा असा दोनदा साठवतो, तो एकदाच साठवायचा. आवाजात काही फरक पडत नाही आणि जागा निम्मी होते. एक्केचाळीस कॅसेटांचे २६ जी.बी. असे १३ वर आले. दुसरी गोष्ट फ्लॅक या प्रकाराची. एमपी थ्री हा प्रकार कानाला सहसा जाणवणार नाही असा आवाजाचा भाग गाळून फाइल लहान करतो. गाळलेले पुन्हा मिळत नाही. फ्लॅक काही गाळत नाही. धान्य पोत्यात ठोकून ठोकून भरावे तसे तो आवाज दाबून भरतो आणि उघडला की दाणा न दाणा परत देतो. त्याने १३ चे सुमारे साडेसात जी.बी. झाले. म्हणून एकुलत्या एका कॅसेटीची मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवावी आणि नातेवाइकांना वाटायला लहान एमपी थ्री करावी. वाटायच्या त्या प्रती एका कॅसेटीला एकोणतीस एम.बी. अशा सगळ्या मिळून सव्वा जी.बी.तही बसल्या नाहीत काय? बसल्या, आणि थोडी जागा उरलीही.

बाजारातल्या गाण्यांची गोष्ट वेगळी. पाच हजार शंभर फायलींत एकच गाणे चार-चार नावांनी निघाले. कुठे ‘ट्रॅक ०१’, कुठे दुकानदाराचे नाव, कुठे ‘नवीन भीमगीत डीजे’. लांबी आणि आकारानुसार रांग लावली की जुळी भावंडे शेजारी येतात, मग ऐकून एक ठेवायचे. तेहेतीसशे उरली. ती सगळी साडेसोळा जी.बी. मी एका पेन ड्राइव्हवर घेऊन घरीच ठेवली. तो ‘ब’ वर्ग. ती क्लाउडवर एकही चढवली नाही. ‘क’ आणि ‘ड’ वर्गात काय आले ते ज्याने त्याने ठरवावे. आमच्याकडे ‘ड’ वर्गात मुख्यतः सुप्रभातचे फोटो आले.

आता ‘अ’ वर्गाची खरी अडचण सांगतो. ती जागेची नव्हती. गाणे उतरले, फाइल झाली, पण फाइलवर लिहायचे काय? कॅसेटीवर पेनने ‘जयंती’ एवढेच लिहिलेले. गाणारा कोण, रचणारा कोण, गाव कोणते, साल कोणते? वामनदादांच्या अनेक गाण्यांत शेवटी त्यांचे नाव गुंफलेले असते. संतांपासून शाहिरांपर्यंत ही आपली जुनी रीत आहे. गाणे कुठेही गेले तरी कर्त्याचे नाव सोबत जाते, ते पुसायचे तर गाणेच मोडावे लागते. आमच्या पार्टीच्या गाण्यांत अशी नावे क्वचितच होती. फाइलच्या आत ‘कलाकार’ म्हणून एक रकाना असतो. बहुतेक भीमगीतांच्या फायलींत तो रिकामा असतो, नाहीतर त्यात दुकानाचे नाव असते.

तारखा शोधायला कॅसेटांनीच मदत केली. काही वेष्टनांवर ‘वाशीम, जि. अकोला’ असे लिहिलेले होते. वाशीम जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी, म्हणजे त्या त्याआधीच्या. एका कॅसेटीत निवेदक विद्यापीठाच्या नामविस्ताराबद्दल सर्वांना पेढे वाटायला सांगतो. १४ जानेवारी १९९४ नंतरचे ते दिवस. ज्या लढ्यासाठी १९७८ पासून माणसांनी घरे-दारे आणि जीव गमावले, त्याचा आनंद आमच्या वस्तीने कसा साजरा केला हे कोणत्याही पुस्तकात छापलेले नाही. ते या फितीवर आहे.

नावांसाठी मात्र माणसांकडेच जावे लागले. पार्टीतले तिघे हयात आहेत. एका रविवारी त्यांना विहारात बोलावून गाणी ऐकवली. नामविस्ताराच्या त्या कार्यक्रमातले एक गाणे लागले. फार गोड चाल, शब्द साधे. एक जण म्हणाला, हे अमक्या शाहिराचे. दुसरा म्हणाला, नाही, ते नांदेडकडच्या पार्टीकडून आपण घेतले. दोघांचा वाद चांगलाच रंगला. मागे भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती. ती त्या काळी कोरसमध्ये गायची. ती म्हणाली, “कायले भांडता बापा? ते गानं माह्या जावेनं रचलं. निंदाले जायची तवा म्हनत जाय. तिले लिवता येत नोहोतं, म्हून कोनी लिवून घेतलं नाही.”

विहार गप्प झाले. मग त्या तिघांनाही आठवले. चाल तिचीच, शब्दही तिचेच, स्टेजवर पुरुषाच्या आवाजात गेले म्हणून ते पुरुषाचे वाटले. ती माउली आज हयात नाही. तिचा फोटोही घरात नाही. या जगात तिचे म्हणून साडेचार मिनिटांचे एक गाणे आहे आणि तेही तीस वर्षे बिननावाचे लोखंडी पेटीत पडले होते. फ्लॅकमध्ये त्याला पंधरा एम.बी.सुद्धा लागत नाहीत. जयंतीच्या मिरवणुकीचा मोबाईलवर काढलेला एक मिनिटाचा हलता-डुलता व्हिडिओ त्याहून कितीतरी जास्त जागा खातो. तिचे नाव आता फाइलवर आहे. ते छापायचे तर आधी तिच्या मुलांना विचारायचे असा आम्ही नियम केला आहे, म्हणून येथे दिलेले नाही.

हे काम महाराष्ट्रात फार मोठ्या प्रमाणावर झालेले आहे, हे आपल्या वाचकांना ठाऊक असावे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी १९८० च्या दशकापासून खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. २०१७ पासून ‘पारी’ या पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या संस्थेने त्या आवाजासह लोकांसमोर आणल्या. त्यात ओवी कोणी गायली, ती बाई कोणत्या गावची, हेही नोंदवलेले आहे. त्या नोंदीमुळेच आज एखादी नात आपल्या आजीची ओवी शोधू शकते.

आता कोणी म्हणेल, एवढे केले, कंपनीच्या संगणकावर चढवले, झाले काम. तसे समजू नये. गूगलचीच प्ले म्युझिक नावाची सेवा होती. तिच्यात माणसाला स्वतःची पन्नास हजार गाणी फुकट ठेवता येत. ती २०२० मध्ये बंद झाली. ज्यांनी वेळेत हलवली त्यांची वाचली. अमेरिकेत मायस्पेस नावाच्या संकेतस्थळावर नव्या-जुन्या गायकांनी लाखो गाणी ठेवली होती. सामान हलवताना २०१५ पर्यंतची बरीचशी नष्ट झाली, असे कंपनीने २०१९ मध्ये सांगितले. शिवाय गूगलचा नियम आहे की दोन वर्षे कोणी न उघडलेले वैयक्तिक खाते ते पुसून टाकू शकतात. म्हणून भाड्याच्या खोलीत एक प्रत ठेवावी, पण एकच प्रत भाड्याच्या खोलीत ठेवू नये.

आमच्या विहारात आम्ही असे ठरवले. गाण्यांसाठी वेगळे खाते काढले. ही सूचना माझ्या बारावीतल्या मुलीची. “बाबा, आजोबांची गाणी आणि माझ्या नोट्स एका खोलीत कशाला भांडतात?” असे ती म्हणाली आणि तिचे खरे होते. त्या खात्याचा पासवर्ड दोघांकडे आहे, एक पुरुष आणि एक महिला मंडळातली. दरवर्षी १४ एप्रिलला आणि १४ ऑक्टोबरला ते उघडायचे, एक गाणे ऐकायचे आणि वहीत तारीख टाकायची. म्हणजे खाते बंद पडत नाही आणि गाणे वाजते की नाही हेही कळते. खातेदारानंतर खात्यातली माहिती कोणाला मिळावी हे नोंदवायची सोयही गूगलमध्ये आहे, बँकेतल्या वारसनोंदीसारखी. तीही केली. दुसरी प्रत विहाराच्या कपाटात हार्ड डिस्कवर, तिसरी माझ्या घरी. मूळ कॅसेटा टाकलेल्या नाहीत. त्या पत्र्याखालून काढून थंड जागी ठेवल्या. खात्यात साडेसात जी.बी. अजून रिकामी आहे. ती दुसऱ्या घरांसाठी ठेवली आहे.

यावर एक शंका हमखास येते. चळवळीपुढे शिक्षणाचे, नोकरीचे, अत्याचाराचे एवढे प्रश्न असताना जुन्या फिती कसल्या उतरवता? मी या लोकांना एवढेच सांगतो की बाबासाहेबांचे कितीतरी अप्रकाशित लेखन त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर तीस वर्षांनी, १९८७ मध्ये शासनाच्या खंडांतून छापले गेले. ते कागद तोवर टिकले म्हणूनच छापता आले. आपल्या लोकांचे बोलणे-गाणे आधीच फार थोडे लिहिले गेले. जे फितीवर उरले आहे ते आपण गमावले, तर उद्या आपल्याबद्दल दुसरे लिहितील तेवढेच खरे ठरेल.

म्हणून वाचकांना विनंती आहे की येत्या चौदा एप्रिलपूर्वी आपापल्या घरातला माळा आणि पेटी बघा. घरी उतरवलेली कॅसेट सापडली तर ती वाजवून बघण्याची घाई करू नका, जुनी फीत यंत्रात अडकून तुटते. आधी जाणत्याला दाखवा. दरम्यान एक वही घ्या आणि त्यात सात रकाने आखा: अनुक्रमांक, गाण्याचे पहिले शब्द, रचणाराचे नाव, गाणाराचे नाव, साथ करणारे, गाव व साल, आणि ही माहिती कोणी सांगितली. तिसरा रकाना भरताना घरातल्या म्हाताऱ्या बायांना अवश्य विचारा. ज्यांना सांगता येते ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. कॅसेट आणखी दोन वर्षे थांबेल, त्यांचे सांगता येत नाही.

जयभीम.